चेन घट्ट करण्यापूर्वी

यंत्रांच्या बाबतीत आपला गृहस्थवर्ग गेल्या काही दशकांत हळूहळू बेदखल होत गेला आहे, ही गोष्ट मोटारसायकलीच्या उदाहरणावरून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून दिसेल. जिचा कार्ब्युरेटर रविवारी सकाळी अंगणात जुने वर्तमानपत्र अंथरून उघडला जाई, प्लगवरच्या काजळीचा रंग पाहून जिच्या प्रकृतीचा अदमास बांधला जाई, तिच्या इंधनाचा सारा कारभार एप्रिल 2020 पासून, प्रदूषणासंबंधीचे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर, एका सीलबंद इलेक्ट्रॉनिक डबीच्या ताब्यात गेला; आणि तिची कैफियत ऐकायची तर ती डबी वाचणारे दुसरे यंत्र पदरी असल्यावाचून इलाज उरला नाही. तथापि एंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचविण्याचे काम अद्यापही त्याच जुन्या, तेलकट, हात काळे करणाऱ्या चेनकडे राहिलेले आहे, आणि तिच्या दुखण्याचे निदान डोळे, कान, एक मोजपट्टी आणि खडूचा तुकडा एवढ्या सामग्रीवर घराच्या ओट्यापाशी बसून करता येते. अडचण एवढीच, की निदान करण्याची तसदी कोणी घेत नाही. चेन वाजली, घट्ट करा. गाडी गचके देते, घट्ट करा. चेन उतरली, चढवून घट्ट करा. असा एकच एक सर्वरोगहारी काढा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाजला जातो, आणि पुष्कळदा रोगापेक्षा औषधच जालीम ठरते.

याला आपल्या दुचाकींचा इतिहासही थोडा जबाबदार असावा. शहरी मध्यमवर्गाने जी दुचाकी पहिल्यांदा मोठ्या संख्येने घरात आणली ती स्कूटर होती. 1972 साली बाजारात आलेल्या बजाज चेतकचे एंजिन मागच्या चाकाशी गिअरांनीच थेट जोडलेले असल्यामुळे तीत चेन हा अवयवच नव्हता, आणि पुढे आलेल्या बिनगिअरच्या स्कूटरींत तिची जागा रबरी पट्ट्याने घेतली. जावा आणि येझदी बाळगणाऱ्या हौशी मंडळींना चेन होती खरी, पण तीही पत्र्याच्या पेटीत व रबरी नळ्यांत पूर्ण बंदिस्त. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली आणि मोटारसायकल ही शौकिनांची मिरासदारी न राहता नोकरदार, शेतकरी, शिक्षक, विमा एजंट यांचे रोजचे वाहन झाली. तिचीही चेन पत्र्याच्या पेटीत झाकलेली. धूळपावसापासून तिचे रक्षण करणारी ही झाकण्याची तजवीज उत्तमच होती. पण जे दिसत नाही त्याची विचारपूस होत नाही, या न्यायाने ती चेन वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानीमनी राहिली नाही. पेटीच्या खालच्या अंगाला एक रबरी बूच असते आणि ते काढून आत बोट घातले की चेनचा ढिलेपणा तपासता येतो, ही गोष्ट गाडी दहा वर्षे वापरलेल्या माणसालाही ठाऊक नसते.

या चेनचा जन्म मँचेस्टरचा. आराऊ या स्विस गावी 1852 साली जन्मलेला हान्स रेनोल्ड 1873 मध्ये त्या गिरण्यांच्या शहरी आला; 1879 साली त्याने जेम्स स्लेटर याचा सूतगिरण्यांच्या चेन करणारा छोटा कारखाना विकत घेतला आणि 1880 मध्ये बुश व रोलर असलेल्या चेनचे पेटंट मिळविले. आज कोइमतूरच्या रोलॉनची किंवा डायमंडची म्हणून जी चेन आपण पेठेतून आणतो तिची रचना मूलतः तीच आहे. वरवर पाहता ती पट्ट्यांची माळ दिसते. परंतु तिच्या प्रत्येक सांध्यात तीन नळकांडी एकात एक बसलेली असतात: सर्वांत आत पिन, तिच्यावर फिरणारा बुश आणि बुशावर सैल फिरणारा रोलर. रोलर स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, दातांना भिडतो, म्हणून तो डोळ्यांना दिसतो. खरे घर्षण मात्र आतल्या पिन आणि बुश यांच्यात चालते, कारण चेन स्प्रॉकेटवर वळताना आणि पुन्हा सरळ होताना तोच सांधा दुमडतो नि उलगडतो. चेनच्या आयुष्याचा सगळा जमाखर्च या न दिसणाऱ्या फटीत मांडला जातो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांच्यामधूनच दुचाकी दुरुस्तीची दुकाने पसरलेली आहेत, एका मिस्त्रींच्या दुकानात या विषयाची चांगली खातरजमा करून घेता आली. दुपारची वेळ होती. करवीर तालुक्यातल्या कुठल्याशा गावाहून रोज दूध घालायला येणारे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. दोन्ही अंगांना किटल्या अडकविण्याचे लोखंडी आकडे, मागच्या चाकावर चिखलाचा वाळलेला थर.

"मिस्त्री, चेन तेवढी टाइट करून द्या, लई वाजाय लागलीया."

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये टाकली, पेटीचा पत्रा उतरविला आणि चाक हाताने सावकाश फिरवीत, दर वितीवर थांबून, खालची चेन बोटाने उचलून पाहिली. एका जागी ती चांगली दीड इंच वर आली. चाक थोडे पुढे नेले तर तीच चेन जागची हलेना.

"आप्पा, सांगा, कुठली टाइट करू? हितं लोंबतीया, आन्‌ हितं तारंगत ताणलीया. ढिल्या जागेला बघून कसली, तर ताणल्या जागेला गिअरबॉक्सचं बेरिंग जाणार. मग मलाच शिव्या."

"पण चेन ताणली म्हणून तर ढिली झाली न्हवं?"

"चेन काय रबर हाय व्हय? पट्टी न्हाई लांबत. आतनं झिजतीया."

एवढे बोलून त्यांनी एक जुनी कापलेली चेन खणातून काढली आणि एक पिन ठोकून माझ्या तळहातावर ठेवली. मूळची गोल पिन एका अंगाने चपटी झालेली. बोटाच्या नखाने चाचपले तर त्या चपटेपणाच्या कडेला स्पष्ट पायरी लागत होती, आणि सांध्याच्या तोंडाशी गेरूसारखी तांबूस भुकटी साचलेली होती. ही भुकटी म्हणजे त्या सांध्यात तेल पोहोचतच नसल्याचा लेखी दाखला. पोलाद पोलादावर कोरडे घासले जाऊन गंजत गेले की अशी पूड बाहेर पडते. पिन आणि बुश यांचे कठीण केलेले कवच एकदा घासून गेले, की आतल्या मऊ पोलादाची झीज झपाट्याने होते. म्हणून दोन वर्षे निमूट चाललेली चेन शेवटच्या दोनतीन महिन्यांत एकाएकी लोंबू लागते. आणि सगळे सांधे सारखे झिजत नाहीत, काहींत वंगण राहते, काही कोरडे पडतात, म्हणून एकाच चेनला ढिली नि ताठ अशा दोन्ही जागा येतात. अशी चेन घट्ट करून बरी होत नाही. ती बदलायची असते.

बदलायची वेळ आली की नाही याचा निकाल अंदाजावर सोडण्याचेही कारण नाही. चेनवर 428, 520 असे आकडे ठोकलेले असतात आणि त्यांतला पहिला अंक दोन पिनांमधील अंतर इंचाच्या आठव्या हिश्शांत सांगतो. आपल्या नित्याच्या 100 ते 150 सीसीच्या बहुसंख्य गाड्यांना 428 जातीची चेन असते; म्हणजे अंतर चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. आता चेनचा खालचा भाग ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टी लावावी: नव्या चेनमध्ये ही लांबी 254 मिलिमीटर भरते, आणि ती 259 च्या घरात गेली, म्हणजे वाढ दोन टक्क्यांवर पोहोचली, की त्या चेनचा हिशेब मिटला असे खुशाल समजावे. पट्टी दोनतीन ठिकाणी लावावी, कारण एका जागचे माप दुसऱ्या जागेची साक्ष देत नाही. पट्टी नसली तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन दोन बोटांत धरून मागे ओढून पाहावी. दाताचा निम्मा भाग उघडा पडत असेल तर मोजण्याची आवश्यकता उरत नाही.

झिजून लांबलेली चेन एकटी मरत नाही, ही यातली खरी खर्चाची बाब. रोलर दातांच्या तळाशी न बसता वर चढून बसतो, सगळ्या दातांनी वाटून घ्यायचा भार दोनतीन दातांवर येतो, दाताची एक बाजू खोल खाल्ली जाऊन टोक कलते. पुढच्या लहान स्प्रॉकेटची ही अवस्था आधी होते, कारण मागचे एकदा फिरते तोवर ते तीनदा फिरलेले असते. अशा दातांवर पैसे वाचविण्याच्या बुद्धीने नवी चेन चढविली, तर जुने दात तिला आपल्या मापाचे करून घेतात आणि ती निम्म्या मुदतीतच खर्ची पडते. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे असा संच एकदम बदलावा, हा दुकानदारांचा आग्रह, त्यांचा नफा वजा घालूनही, न्याय्य आहे.

आता आवाजांविषयी. चेनच्या नावाने जी बदनामी होते तिच्यातली बरीचशी इतरांच्या खात्यावर टाकायला हवी, आणि त्यासाठी थोडे अंकगणित उपयोगी पडते. समजा पुढचे स्प्रॉकेट 14 दातांचे, मागचे 42 दातांचे आणि चेन 106 कड्यांची आहे. मागच्या टायरवर खडूची एक रेघ ओढावी आणि गाडी डबल स्टँडवर, एंजिन बंद व न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे. 'टक्‌' असा आवाज चाकाच्या दर फेऱ्याला एकदा, रेघ त्याच जागी आली की येत असेल, तर दोष मागच्या स्प्रॉकेटात अथवा चाकात आहे. एका फेऱ्यात तीनदा येत असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटात. आणि दर अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर चेनची एखादी कडी अडकलेली आहे, कारण चेनला पूर्ण एकदा फिरायला चाकाचे तितकेच फेरे लागतात. ज्या मिस्त्रीला हे सांगितले त्याने डोके हलवून, हे आपण रोज करतो पण मोजत कधी नाही, असे उत्तर दिले, आणि त्याच्या कानाला मोजण्याची जरूर नव्हती हेही खरे.

चढावर गिअर बदलताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना बसणारा गचका हा असाच एक फसवा मामला आहे. मागचे स्प्रॉकेट चाकाच्या हबला थेट कसलेले नसते. मध्ये रबराचे जाड तुकडे असतात, ज्यांना गॅरेजात हबरबर म्हणतात, आणि एंजिनाचा धक्का ते स्वतः पचवितात. ते सुकून आकसले की गचके येऊ लागतात आणि दोष चेनवर येतो. चेन अगदी तंतोतंत ठेवूनही गचका जात नसेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून, एंजिन बंदच असताना, चाक मागेपुढे हलवून पाहावे: स्प्रॉकेट स्थिर आणि चाक मात्र बोटभर हलते असे दिसले, तर रबर बदलावे, आणि त्याला संचाच्या मानाने किरकोळ खर्च येतो. चाक उजवीडावीकडे डुलत असेल तर बेरिंग. जास्त वेगाला येणारी सलग घरघर पुष्कळदा अतिघट्ट चेनची असते. थोडासा थरथराट मात्र चेनच्या स्वभावातच आहे: 14 दातांच्या चक्रावर चेन वर्तुळात नव्हे तर चौदा बाजूंच्या बहुभुजाकृतीत फिरते, त्यामुळे तिचा वेग दर दाताला सुमारे अडीच टक्क्यांनी कमीजास्त होत राहतो, आणि त्यावर कोणाही मिस्त्रीकडे उपाय नाही.

ढिलेपणा किती असावा याचे प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान गाड्यांत साधारणतः वर उचलून व खाली दाबून मिळून 20 ते 30 मिलिमीटर. हा ढिलेपणा गरजेचा का, हे समजून घेतले तर पाना आवळणारा हात आपोआप आखडतो. चाक ज्या लोखंडी चिमट्याच्या, म्हणजे स्विंग आर्मच्या, टोकाशी बसविलेले असते तो खड्ड्यागणिक वरखाली होतो. आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याची खीळ व मागचा एक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत येतात त्या क्षणी दोन स्प्रॉकेटांतले अंतर सर्वाधिक असते. स्टँडवर उभ्या गाडीत ठीक दिसणारी चेन त्या क्षणी ताठ होते. मागे दोन माणसे किंवा दुधाच्या चार किटल्या बसल्या की गाडी जवळजवळ कायमच त्या रेषेत चालते. तेव्हा कसलेली चेन एंजिनाच्या बाहेर आलेल्या शाफ्टला आणि त्याच्या बेरिंगला मागे ओढत राहते. ते बेरिंग बदलायचे तर बहुतेक गाड्यांत सगळे एंजिन खोलावे लागते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

समायोजनाचा क्रम आता सांगतो. चाक फिरवीत ताठ जागा शोधावी आणि ढिलेपणा त्याच जागी मोजावा. एक्सलची नट सैल करावी. कॉटर पिन असेल तर ती आधी काढावी व पुन्हा जुनी न वापरता नवी घालावी. ज्या गाड्यांत मागचा ब्रेक ड्रमचा आहे त्यांत ब्रेक रॉडची नट दोनचार आटे ढिली करावी, कारण चाक मागे सरकले की रॉड ताणला जाऊन ब्रेक धरून राहतो. हे विसरल्यामुळे ड्रम तापून गाडी रुतल्यासारखी चालते आणि दोष पुन्हा चेनच्या माथी बसतो. मग दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे नट पाव-पाव फेऱ्याने, आळीपाळीने, सारखे फिरवावे. चिमट्यावर कोरलेल्या खुणा असतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. चिमट्याच्या खिळीच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही अंगांनी मोजून रुजुवात घ्यावी. चाक तिरपे बसले असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकाकत असते, ही खूणही पाहून ठेवावी. शेवटी एक्सल आवळताना चेन पुन्हा थोडी ताणली जाते, म्हणून आवळल्यावर ढिलेपणा दुसऱ्यांदा मोजावा.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे जितके हात तितके धर्म. सर्वांत लोकप्रिय व सर्वांत वाईट म्हणजे एंजिनातून काढलेले जळके ऑइल, ज्यात धातूची सूक्ष्म कीस व आम्ल असते. फुकट मिळते म्हणून ते चेनला लावणे ही काटकसर नव्हे. ग्रीसही वरवर फासून उपयोग नाही, कारण ते आतल्या फटीत शिरत नाही आणि बाहेर राहून कोकणातल्या जांभ्याची लाल धूळ किंवा मराठवाड्यातली काळी माती गोळा करते, म्हणजे पिन घासण्यासाठी आपणच पॉलिश तयार करून ठेवतो. रॉकेल आणि मऊ ब्रश यांनी चेन धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, 90 नंबरचे गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या अंगाला, पट्ट्यांच्या सांध्यांवर थेंबथेंब सोडावे, कारण चाक फिरताना तेल बाहेर फेकले जाते आणि वाटेत ते सांध्यातून जाते. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना हे करावे, रात्रभर तसेच राहू द्यावे आणि सकाळी वरचे जादा तेल पुसावे. मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये सांध्यांना रबराचे ओ-रिंग असतात. त्यांना पेट्रोल आणि तारेचा ब्रश हे दोन्ही वर्ज्य. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, आणि भिजलेल्या प्रवासानंतर हटकून, हा उपचार करावा.

एक गोष्ट मात्र हुकूम म्हणून सांगावी लागते: चालू एंजिनावर, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके कधीही लावू नये. असे करताना बोटे गेल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात. चाक हातानेच, आणि तेही उलट्या दिशेने फिरवावे, म्हणजे खालची चेन मागच्या दातांपासून दूर जाते आणि फडके ओढले तरी आत जात नाही.

नवा संच घरी बसवायचा झाला तर खरे कष्ट पुढच्या स्प्रॉकेटपाशी आहेत. गिअरचा पावडा काढून डावीकडचे कव्हर उतरविले की आत चिखल, गंज आणि ग्रीस यांचा बोटभर जाड काळा थर दिसतो. तो खरवडल्याखेरीज स्प्रॉकेटला जखडणारी पातळ पट्टी आणि तिचे दोन लहान बोल्ट सापडतही नाहीत. बोल्ट काढून पट्टी थोडी फिरविली की तिच्या खाचा शाफ्टच्या खाचांशी जुळतात आणि ती सरळ बाहेर येते. हातोड्याचे काम नाही. नवी चेन जुन्या चेनच्या टोकाला जोडून आत ओढली तर पेटीतून ओवण्याचा त्रास वाचतो. चेनची दोन टोके जोडणारे लॉक लावताना त्याची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवावी. उघडी बाजू पुढे आली आणि कुठे घासली, तर लॉक निसटते, चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गुंडाळली जाते, आणि मग चाक जाम होणे किंवा एंजिनाचे कवच फुटणे यांपैकी काय व्हायचे ते नशिबावर राहते.

नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरांत बसते आणि थोडी सैल होते. तेव्हा एकदा पुन्हा मोजून घ्यावे. चाक मागेपुढे केल्यामुळे ब्रेकच्या पावड्याचा सैलपणा बदललेला असतो आणि त्याच्याबरोबर मागच्या लाल दिव्याचा स्विचही, म्हणून पावडा दाबून, दिवा योग्य वेळी लागतो आणि पाय काढताच विझतो हे कोणाला तरी मागे उभे करून पाहावे, आणि मगच पाने पुसून पेटीत ठेवावे.